निसर्गाभ्यास : शालेय बागेतील गुळवेल

शालेय बागेत वेल लावताना शिक्षकांची दृष्टी बहुधा शोभेच्या फुलांकडे वळते. कुंपणावर आपोआप वाढणारी गुळवेल दुर्लक्षित राहते. वस्तुतः हृदयाकृती पानांची ही देशी वेल, सजीव म्हणजे काय, हे मुलांना फार चांगले शिकविते.

लागवड : पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जून खोडाचे, दोन-तीन डोळे असलेले, वीतभर तुकडे घ्यावेत. मूळ वेल बुडापासून तोडू नये. तुकड्याचे खालचे टोक खालीच ठेवून अर्धा भाग पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत पुरावा. आळ्यात कुजलेले शेणखत घालावे. पाणी साचू देऊ नये. प्रथम काठीचा, पुढे मांडवाचा किंवा मोठ्या निंबाचा आधार द्यावा. लहान रोपावर वेल चढवू नये. तिच्या भाराने व सावलीने रोपाची वाढ खुंटते.

प्रयोग : गुळवेलीचा एक तुकडा व जास्वंदीचा तेवढाच तुकडा ओसरीच्या सावलीत दोरीने टांगावा. दर आठवड्यास दोहोंची स्थिती मुलांनी वहीत लिहावी. गुळवेलीचा तुकडा मातीवाचूनही दीर्घकाळ हिरवा राहतो, कित्येकदा त्यास कोंबही फुटतात. संस्कृतात तिला ‘अमृता’ का म्हणतात, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

निरीक्षण : कारल्याच्या वेलीस आधार पकडण्यासाठी तणावे असतात, गुळवेलीस ते नसतात. तिचे खोडच आधारास विळखे घालते. सर्व विळखे एकाच दिशेचे आहेत काय, हे मुलांनी पाहावे. वरून लोंबणारी दोऱ्यांसारखी हवाई मुळेही दाखवावीत. या वेलीत नर व मादी वेली भिन्न असतात. सर्व तुकडे एकाच वेलीचे असतील तर बागेत फळे का धरत नाहीत, हा प्रश्न वर्गास विचारावा.

उन्हाळ्यात पाने गळून वेल वाळल्यासारखी दिसते. सुटीनंतर ती मेली असे समजून उपटून टाकण्याची चूक सहज घडते. म्हणून सुटीपूर्वीच खोडाची कागदासारखी पातळ साल नखाने किंचित खरवडून आतील हिरवा रंग मुलांना दाखवावा. बारीक पिवळसर फुले बहुधा पाने नसतानाच येतात.

सावधगिरी : ही वेल औषधी म्हणून प्रसिद्ध असली, तरी शाळेत मुलांस तिचा काढा देऊ नये. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोष गुळवेलीचा की तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा, याविषयी मतभेद झाला. परंतु ओळख पटविणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यावरून दिसते. शाळेचे काम ओळखण्याचे व जोपासण्याचे, औषधयोजना वैद्यांची.

जूनमध्ये निष्पर्ण वेलीस नवे कोंब फुटतील, तेव्हा ते प्रथम मुलांनाच शोधू द्यावेत.