लस टोचली, तरी म्हैस गेली

आमच्या शेजारच्या वस्तीवर बाजारातून पहिलारू म्हैस आली. टेम्पोतला लांबचा प्रवास, त्यात वाटेत पावसानं झोडपलं. दारात उतरवली आणि त्याच संध्याकाळी घटसर्पाची लस टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी ती वैरणीला तोंड लावेना. रात्री घसा सुजला. हात लावून पाहिला तर सूज गरम, टणक. नुसत्या स्पर्शानं ती अंग काढून घेई. जीभ बाहेर, लाळेची तार लोंबतेय आणि गोठ्याबाहेर ऐकू येईल अशी घरघर. उजाडायच्या आत सगळं आटोपलं. मालक एकच म्हणत होता, "अहो, लस दिली होती की!"

दिली होती, पण लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर जनावर उघडंच. घटसर्पाचे जंतू धडधाकट जनावराच्या घशातही गप्प बसून असतात. प्रवास, उपास, उकाड्यावर पडलेला पाऊस यांनी जनावर खचलं की ते उचल खातात. म्हशीला तर गाईपेक्षा जास्त धोका.

तेव्हा सौदा ठरताना दातांबरोबर लसही विचारा. जमलं तर विकणाऱ्याच्या दावणीलाच टोचून घ्या आणि तीन आठवड्यांनी जनावर हलवा. ते जमत नसेल तर घरी आणून वेगळं बांधा, चार दिवस खाऊपिऊ द्या, ताप नाही याची खात्री करा आणि मग लस. त्यानंतरही ते लगेच कळपात सोडू नका. आणि कोणती लस झाली हे नीट विचारा. लाळ्या-खुरकुताची टोचून गेले की आपल्याकडे "लस झाली" म्हणतात. तिचा घटसर्पाला उपयोग नाही.

आमच्या जामखेडकडे लस टोचायला चालढकल होते ती पावसामुळं. आपला भाग पर्जन्यछायेतला. मृग कोरडा गेला की माणूस म्हणतो, बघू पुढं. आणि भाद्रपदात धो धो कोसळतो. लस मेच्या मध्याला, रोहिणी लागायच्या आधीच उरकावी. टोचल्या जागी गाठ येते, दोन दिवस दूध घटतं. तेवढ्यासाठी कोणी मागं सरू नये. बाटली मात्र बर्फाच्या डब्यातूनच आली पाहिजे, खिशातून नव्हे.

ऊसतोडीला बैल नेणाऱ्यांचं गणित वेगळं. नेहमीच्या तुरटीच्या लशीचा जोर साधारण सहा महिने टिकतो. मेमध्ये टोचलेली लस कारखान्यावर थंडी पडायच्या सुमारास संपत येते, आणि तिथं तर गावोगावचे बैल एका तळावर. त्यामुळं गाडी जुंपायच्या आधी, दसऱ्याच्या तीन आठवडे अलीकडं, डॉक्टरांना विचारून पुन्हा टोचून घ्यावी. निघायच्या दिवशी टोचलेली लस बैलाला वाटेत राखत नाही.