पेरणाऱ्याच्या घरचा हिवाळा
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी व घरच्या अभ्यासासाठी पाठ)

शास्त्रभाग : मत्तय १३:१-९, स्तोत्र १२६, अनुवाद ११:१०-१४, उपदेशक ११:४-६.

पाठाचा हेतू : पवित्र शास्त्राच्या देशातील शेतकरी कुटुंब हिवाळ्याच्या आरंभी कसे राहत असे हे समजून घेणे, आणि त्यावरून पेरणाऱ्याला पेरणीची काय किंमत पडते हे ओळखणे.

१. एका मुलाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका खेड्यात आम्ही शब्बाथशाळेच्या वर्गाला पेरणाऱ्याचा दृष्टांत शिकवीत होतो. वर्गातील बहुतेक मुले शेतकऱ्यांची. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काट्यांत, असे आम्ही सांगत असता एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, त्या माणसाकडं पाभर नव्हती का? आमचे अण्णा चाड्यावर मूठ धरतात, तेव्हा एक दाणा तासाबाहेर पडत नाही. वाटेवर बी सांडलं तर आज्जी केवढी रागावंल!”

मुले हसली. आम्हीही हसलो, परंतु उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतकी वर्षे आम्ही दृष्टांताचा अर्थ सांगत आलो होतो. त्यातला शेतकरी मात्र आम्ही कधी नीट पाहिलाच नव्हता. त्या मुलाच्या दृष्टीने तो माणूस निष्काळजी होता, आणि निष्काळजी माणसाचा धडा शेतकऱ्याचे मूल कशाला मनावर घेईल? तेव्हापासून आम्ही त्या शेतकऱ्याच्या घराचा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते या पाठात शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

२. त्यांची आगोट आणि आपली आगोट

पहिली अडचण ऋतूंची आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘आगोटीचा पाऊस’ व ‘वळवाचा पाऊस’ असे शब्द आहेत. शब्द अस्सल शेतकऱ्यांचे आहेत, पण ते ऐकून आपल्या मनात आपलेच महिने उभे राहतात. आपल्याकडे वळीव आधी येतो, चैत्र-वैशाखात. आणि आगोट त्यानंतर, मृगाच्या सुमारास. कनान देशात क्रम उलटा आहे. तेथे साधारण मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि वळवाचा मार्च-एप्रिलात, पीक भरण्याच्या वेळी. म्हणजे आपले आभाळ निवळते, भाताची कापणी चालू होते, त्याच दिवसांत तेथील शेतकरी पश्चिमेच्या समुद्राकडे ढगाची वाट पाहत असे.

यरुशलेमेत वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या सोलापूरकडील अवर्षणी भागाइतकाच. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मोशे हाच भेद लोकांना समजावून सांगतो. मिसर देशात पाटपाण्यावर शेती होती. डोंगराळ कनानात मात्र आकाशातून पडेल त्याच पाण्यावर पीक येणार होते. पाऊस चुकला की सारे चुकले.

या शेतीचे वेळापत्रक कसे होते याची एक सुंदर साक्ष मातीखालून निघाली आहे. यरुशलेमेच्या पश्चिमेकडील गेजेर या प्राचीन नगराच्या जागी मॅकॅलिस्टर नावाच्या संशोधकाला १९०८ साली एक लहानशी चुनखडीची पाटी मिळाली. ती सुमारे ११ सेंटिमीटर उंच व ७ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे तळहातावर मावेल एवढी. ती ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातील, म्हणजे सुमारे शलमोनाच्या काळातील मानतात. वर्षाचे बारा महिने तीत शेतीच्या कामांनी मोजले आहेत. आरंभी दोन महिने फळांच्या साठवणीचे, मग दोन महिने पेरणीचे, त्यानंतर दोन महिने उशिराच्या पेरणीचे. पुढे जवसाची कापणी, सातूची कापणी, गव्हाची सुगी, द्राक्षवेलींची निगा आणि शेवटी उन्हाळी फळे. एखाद्या मुलाने लेखनाचा सराव म्हणून ती लिहिली असावी असे काही विद्वानांचे मत आहे. तसे असेल तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाचा धडाही शेतातूनच सुरू होत होता. ही गोष्ट आपल्या वर्गात सांगण्याजोगी आहे.

३. घरातील एक दिवस

आता त्या घरात जाऊ या. मंडपांचा सण होऊन गेला आहे. द्राक्षे व अंजिरे वाळवून ठेवली आहेत. राहिली आहेत ती जैतुनाची झाडे. घरातील थोरमोठे काठीने फांद्या झोडतात, मुले खाली पडलेली फळे वेचतात. एक वर्ष झाड लगडते, तर पुढच्या वर्षी हात आखडते. म्हणून ज्या वर्षी फळ चांगले त्या वर्षी एकही फळ सोडू नये असे वाटणे साहजिक आहे. परंतु नियमशास्त्राची आज्ञा आहे की, झाड एकदा झोडल्यावर पुन्हा फांद्या धुंडाळू नयेत. उरलेले फळ परक्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी आहे (अनुवाद २४:२०). मग दगडी घाण्यात फळे रगडून तेल काढीत. जेवणात तेच, दिव्यात तेच, आणि जखमेवरही तेच.

बायकांचा दिवस जात्यावर सुरू होई. हे आपल्या आज्यांना सांगायला नको. त्या दिवसापुरते पीठ दळायचे, भाकरी भाजायची, पाणी भरायचे, लोकर कातायची. जाते इतके जिवाचे होते की, त्याची तळी किंवा वरची पेड गहाण ठेवून घेण्याची नियमशास्त्रात मनाई आहे (अनुवाद २४:६). कारण जाते नेणे म्हणजे त्या घराची भाकरी नेणे.

थंडी आपल्या डिसेंबरापेक्षा कडक. डोंगराळ भागात काही वर्षी बर्फही पडते. नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, राजा आपल्या हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसल्याचे यिर्मया ३६:२२ मध्ये वाचतो. आणि त्याच महिन्यात सामान्य लोक पावसात उघड्यावर कुडकुडत बसल्याचे एज्रा १०:९ मध्ये वाचतो. गरिबाचे अंगावरचे वस्त्र हेच त्याचे पांघरूण. म्हणून ते गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे लागे (निर्गम २२:२६-२७). जनावरे बहुधा घरातच, खालच्या भागात बांधीत. त्यांच्या उबेने माणसांनाही ऊब मिळे. आपल्याकडेही जुन्या घरांत उंबऱ्याच्या आतच गोठा असे, हे पुष्कळांना आठवत असेल.

आणि मग एके दिवशी पाऊस येई. उन्हाळ्याने जमीन दगडासारखी झालेली असे. पावसाशिवाय नांगर शिरतच नसे. आता मात्र थांबून चालत नसे. थंडीचे निमित्त सांगून जो घरात बसतो त्याच्यावर सुगीत मागून खाण्याची पाळी येते, असे शलमोन सांगतो (नीतिसूत्रे २०:४). वाऱ्याकडे व ढगांकडेच पाहत बसणाऱ्याविषयी उपदेशकही हेच सांगतो. नांगर हलका, लाकडी, लोखंडी फाळाचा. एका हाताने रुमणे धरायचे, दुसऱ्या हातात पराणी. मागे पाहिले की तास वाकडे गेलेच. लूक ९:६२ येथील प्रभूचे बोल हे पाहिलेल्या शेतकऱ्याचे बोल आहेत. अलीशाच्या शेतात बारा जोड्या चालल्या होत्या (१ राजे १९:१९). ते वाचताना आम्हांला आपल्याकडील इर्जिकीची आठवण होते.

पाभर मात्र त्या डोंगराळ शेतात नव्हती. शेतकरी ओट्यात किंवा टोपलीत बी घेऊन हाताने फोकीत जाई, आणि मग नांगर फिरवून ते मातीआड करी. शेतातून लोकांच्या जाण्यायेण्याच्या पायवाटा असत. यहूदियाच्या आणि गालीलाच्या डोंगरांत पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ, खाली चुनखडीचा खडक. काट्यांची झुडपे वाळलेली दिसत, पण मुळे जमिनीत जिवंत. असा माणूस कितीही जपून चालला तरी चार दाणे वाटेवर पडणारच. त्या मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळाले : तो पेरणारा निष्काळजी नव्हता, त्याची जमीनच तशी होती.

४. बी कोणाच्या घासातले?

पण या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. कारण दुसरा एक प्रश्न उरला. स्तोत्र १२६ मध्ये पेरणारा रडत का जातो?

हिशेब करून पाहा. सुगी एप्रिल ते जूनमध्ये. पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे कणगी अर्ध्यावर आलेली, आणि नवे धान्य यायला अजून पाच-सहा महिने. जुन्या काळी उतारा थोडा येई. समजा, पेरले त्याच्या पाचपट आले, तर सुगीचा पाचवा हिस्सा पुन्हा मातीत घालण्यासाठी बाजूला ठेवावा लागणार. वर्ष वाईट गेले असेल तर तो हिस्सा मुलांच्या ताटातूनच काढायचा. पेरणीच्या दिवशी घरात जे सर्वांत महाग असे, तेच बाप ओट्यात घालून बाहेर नेई, आणि आई ते उंबऱ्यातून पाहत असे.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. आमचे आजोळ मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. १९७२ साली पावसाने दगा दिला. जमिनीत ओल नाही, म्हणून शाळूची पेरणीच झाली नाही. आजी रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरात रेशनच्या तांबड्या मायलोची भाकरी, तीही मोजून. कोपऱ्यात मात्र एक मडके होते. त्यात मालदांडीचे बियाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून ठेवले होते. धाकटा भाऊ एके रात्री त्या मडक्याकडे बोट दाखवून रडू लागला. आजी म्हणाली, “ते आपलं न्हाई लेकरा. रानाचं हाय ते.” आणि तिने तोंड फिरवले.

ते मडके १९७३ च्या हस्तात फुटले. मामांनी चाड्यावर पहिली मूठ धरली तेव्हा आजीने डोळ्याला पदर लावला. आम्ही लहान होतो. चांगला पाऊस पडल्यावर हिला रडू का येते ते आम्हांला कळेना. पुढे हिवाळ्यात त्याच रानात शेकोटीभोवती हुरडा खाताना ती सर्वांत मोठ्याने हसत होती. स्तोत्राचा अर्थ आम्हांला तेथे मिळाला. रडणारा व आनंदाने पेंढ्या घेऊन येणारा माणूस एकच आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये विश्वासाखेरीज काही नाही.

आता दृष्टांताकडे परत या. तो पेरणारा शिळेपाके बी फेकीत नव्हता. घरच्यांच्या तोंडचा घास घेऊन तो निघाला होता. वाटेवर पडणारे, काट्यांत पडणारे असे प्रत्येक दाण्याचे मोल त्याला ठाऊक होते. तरी तो मूठ आखडीत नाही, कारण मूठ मिटून धरली तर चांगल्या जमिनीतही काही पडणार नाही. देवाने जे पेरले तेही त्याच्या घरचेच होते. योहान १२:२४ मध्ये प्रभू स्वतःलाच गव्हाचा दाणा म्हणवितो.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आज शब्बाथशाळेला चार-पाचच मुले येतात. रविवारची सकाळ, आदल्या रात्रीची तयारी, घरच्या कामातून काढलेला वेळ हे आपले बियाणे आहे, आणि ते उरलेसुरले असू नये. चार मुलांपैकी दोन खिडकीबाहेर पाहत असतील. शेतकऱ्याला हे नवे नाही.

५. वर्गासाठी सूचना

मुलांना एक मूठ ज्वारी किंवा गहू दाखवावा व विचारावे : घरात एवढेच धान्य उरले तर तुम्ही ते खाल की पेराल? उत्तराची घाई करू नये. शेतकऱ्यांच्या मुलांना आपल्या घरची पेरणी आधी सांगू द्यावी. शहरातील मुलांनी आजीआजोबांना विचारून यावे. आता पुष्कळ ठिकाणी पेरणी ट्रॅक्टरने होते आणि बी दुकानातून येते. म्हणून जुनी आठवण सांगणारी माणसे आहेत तोवर हे करून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न :
१. कनान देशातील आगोट कोणत्या महिन्यांत येई? आपल्या आगोटीशी तिची तुलना करा.
२. जैतुनाची उरलेली फळे कोणासाठी ठेवीत? आपल्या सुगीत त्यांचा वाटा कोठे आहे?
३. स्तोत्र १२६ मधील पेरणारा का रडतो? तुमच्या घरी असे कधी घडले आहे काय?
४. आपल्या घासातून काढून आपण या वर्षी काय पेरले?

ज्या मुलाने आम्हांला तो प्रश्न विचारला त्याला पुढच्या खेपेस आम्ही हे सर्व सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मग गुरुजी, वाटेवरचा दाणा पाहून त्याला लई वाईट वाटलं असणार.” आम्हांला वाटते, दृष्टांत त्याला समजला होता.