दुष्काळ आणि धान्याची निर्यातबंदी



आपला माल परदेशात विकला की ती निर्यात, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकलो. पण कधी कधी सरकार हुकूम काढते की अमुक धान्य आता देशाबाहेर न्यायचे नाही. याला निर्यातबंदी म्हणतात. हुकूम लागतो मुंबईसारख्या बंदरावर, पण त्याची झळ किंवा त्याचा आधार आपल्या गावापर्यंत येतो. आमच्या घरी गहू पिकतो आणि माझ्या बाकावरच्या मित्राच्या घरी गहू विकत आणतात. म्हणून मी हा विषय घेतला.

बंदी का घालतात? समजा, पाऊस कमी झाला आणि पीक निम्मे आले. त्याच वेळी परदेशात भाव जास्त आहे. मग व्यापारी माल तिकडेच धाडणार. त्यात त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही, जिथे चार पैसे जास्त मिळतात तिथे कोणीही विकतो. पण माल गेला की इथला भाव चढतो, आणि मजुरीवर पोट असलेल्या माणसाला धान्य समोर दिसत असून घेता येत नाही.

आता आपल्याच भागाची गोष्ट. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या भागांत पिके करपली. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. व्यापार मोकळा सोडला की धान्य आपोआप भुकेल्यापर्यंत पोहोचते, असे त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते. म्हणून सरकारने ना निर्यात थांबवली, ना भाव उतरवण्यासाठी बाजारात हात घातला. गव्हावरचा निर्यातकर तर १८७३ सालीच काढून टाकला होता. दुष्काळातही हिंदुस्थानचा गहू बोटीत भरून इंग्लंडला जात राहिला. तो मुख्यतः उत्तरेकडचा गहू होता, दख्खनचा नव्हे, हे खरे. पण सोलापूरला आगगाडी १८६० सालीच आली होती. उत्तरेचे धान्य इकडे आणता आले नसते असे नाही. थोडे आलेही. पण ज्याची गुरे मेली आणि शेत करपले, तो ते घेणार कशाने?

सरकारने दुष्काळी कामे काढली. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दिवसभर राबणाऱ्या गड्याची मजुरी ठरवली, एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. बाईमाणसाला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. आम्ही शालेय पोषण आहाराच्या तराजूवर तेवढी ज्वारी तोलली. आजी म्हणाली, "एवढ्यात पाच भाकरी हुतील बघ." पाच भाकरी, आणि उन्हात दिवसभर खडी फोडायची. मजूर हजारोंनी कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. १८७६ ते १८७८ या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून जास्त माणसे दगावली असा अंदाज आहे.

यात एक गोष्ट मला नवलाची वाटली. हाच टेंपल १८७४ साली बंगाल-बिहारच्या टंचाईच्या कामावर होता. तेव्हाही निर्यात बंद करावी अशी मागणी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरने केली होती, आणि व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने ती नाकारली. पण तिथे सरकारने स्वतः ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणून लोकांना दिला. माणसे फारच थोडी दगावली. पुढे टेंपलवर उधळपट्टीचा ठपका आला, आणि दोन वर्षांनी दख्खनमध्ये त्याने हात आखडला. म्हणजे बंदी नसतानाही माणसे जगू शकतात, पण कोणीतरी धान्य त्यांच्या हातात दिले तर!

आता आपल्या काळातले. २०२२ च्या मार्चमध्ये ऊन फार तापले आणि गव्हाचे दाणे बारीक राहिले. तिकडे फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले होते, त्यामुळे जगात गहू महागला. आपल्या सरकारचा हमीभाव होता क्विंटलला २०१५ रुपये, आणि बाजारात त्याहून जास्त मिळत होते. साहजिकच शेतकऱ्यांनी माल व्यापाऱ्याला घातला. सरकारची खरेदी आदल्या वर्षी सुमारे ४३३ लाख टन होती, ती १८८ लाख टनांवर आली. रेशनला गहू कोठून द्यायचा? १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली.

आमचे आबा अजून त्यावर चिडतात. "भाव पडला तवा कुणी इचारलं न्हाई, अन् चार पैसं मिळाया लागलं की दार बंद!" मला आबांचे पटते. पण मित्राच्या आईचेही पटते. ती म्हणते, रेशनचा गहू बंद झाला तर दुकानातला घ्यायला रोजाचे पैसे पुरत नाहीत. मला वाटते, बंदी घालायची तर शेतकऱ्याचे जे बुडते ते सरकारने भरून द्यावे. एकट्या आबांनीच का सोसायचे?

आणखी एक घर आहे, ते फार लांब. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने तांदळाची कणी बाहेर पाठवणे बंद केले. आपण कणी कोंबड्यांना टाकतो, पण आफ्रिकेतल्या सेनेगल देशात मासळीबरोबर खायचा आवडता भात कणीचाच करतात, आणि ती कणी भारतातून जायची. २० जुलै २०२३ ला साधा पांढरा तांदूळही बंद झाला. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळात सुमारे ४० टक्के वाटा आपला, तेव्हा भाव सगळीकडे चढले. ती तांदूळबंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली.

पालकांनो, खाली खिळ्याला वही टांगली आहे. मे २०२२ मध्ये तुम्ही गहू कोणत्या भावाने विकला, किंवा विकत घेतला, ते तीत लिहून जा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहू.

(इयत्ता सातवी)