जंतूंची गावकी

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर पवनार लागते. तेथे धाम नदीच्या काठी आचार्य विनोबा भावे यांनी १९३८ साली वास्तव्य केले, हे सर्वांस ठाऊक आहेच. या नदीच्या पात्रात जो कोणी पाय घालील त्यास एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. काठावरचा कोरडा दगड खरखरीत असतो. पाण्यातला दगड मात्र निसरडा असतो. पाणी तर त्यावरून रात्रंदिवस वाहत असते. मग तो दगड धुतला जाऊन स्वच्छ का होत नाही? त्यावर बुळबुळीत थर का चढतो?

हा थर म्हणजे नुसता चिखल नव्हे. शेवाळाच्या जोडीने अगणित जंतू तेथे वस्ती करून असतात. ते स्वतःच्या अंगातून एक चिकट द्रव्य बाहेर टाकतात आणि त्या द्रव्याच्या भिंतींआड एकत्र नांदतात. असाच थर आपल्या दातांवर, पाण्याच्या रांजणाच्या आतील अंगास आणि मोरीच्या तोंडाशी साचतो. शास्त्रज्ञ त्यास बायोफिल्म म्हणतात. आपण त्यास जंतुपटल म्हणू. या गावकीची ओळख करून घेणे हे केवळ कुतूहलाचे काम नव्हे. रोग्यास औषध दिले, परंतु ते लागू पडले नाही, असा प्रसंग आज अनेक घरांत येतो. त्याची कारणे पुष्कळ अंशी जंतूंच्या या एकत्र राहण्यात दडलेली आहेत.

जंतू हा अतिशय क्षुद्र जीव होय. साधारण जंतूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून फारशी अधिक नसते. त्यास मेंदू नाही, कान नाहीत, जीभ नाही. हॉलंडातील डेल्फ्ट शहरी लेव्हनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होऊन गेला. त्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगातून १६८३ च्या सुमारास आपल्या दातांवरील किटण पाहिले, तेव्हा त्यात त्यास असंख्य जीव हालचाल करताना दिसले. त्याने तीव्र शिरक्याने तोंड धुऊन पाहिले, तरी किटणातील जीव जिवंतच राहिले. तेच किटण शिरक्यात नीट कालविले, तेव्हा मात्र ते मेले. शिरका केवळ बाहेरच्या जिवांस मारतो, थराच्या आत पोहोचत नाही, असे अनुमान त्याने काढले. आज औषधांच्या बाबतीत जी अडचण वैद्यांस पडते, तिचे बीज या साध्या प्रयोगात सापडते.

पण मुक्या जंतूंस एकत्र येण्याचे भान कसे राहते? या प्रश्नाचे उत्तर समुद्रात मिळाले. आपल्या कोकणपट्टीत मिळणाऱ्या माकुलाचा एक लहानसा भाऊबंद हवाई बेटांजवळ राहतो. त्याच्या पोटाखाली प्रकाशाची एक पिशवी असते आणि तीत प्रकाश देणारे जंतू असतात. रात्री तो पोहू लागला म्हणजे खालून पाहणाऱ्या शत्रूस त्याची सावली दिसत नाही. कारण त्याच्या पोटाचा उजेड चांदण्यात मिसळून जातो. पहाट झाली की तो बहुतेक जंतू बाहेर टाकून देतो. उरलेले थोडे जंतू दिवसभर वाढतात. विशेष हे की, संख्या थोडी असेतोवर ते अंधारातच राहतात आणि दाटी झाली म्हणजे सर्व मिळून एकदम उजळतात.

या जातीच्या जंतूंवर अमेरिकेत नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी केलेले प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यांतून व पुढील संशोधनातून असे कळून आले की, प्रत्येक जंतू एक सूक्ष्म रासायनिक द्रव्य सभोवार सोडीत असतो. जंतू विरळ असले तर ते द्रव्य पाण्यात विरून जाते. जंतू दाट झाले म्हणजे द्रव्यही साचते आणि ठरावीक प्रमाण गाठताच सर्वांचे वर्तन एकाच वेळी पालटते. आपल्या ग्रामपंचायतीची सभा भरते तेव्हा सभासदांची ठरावीक संख्या जमल्यावाचून ठराव होत नाही. त्या संख्येस आपण गणपूर्ती म्हणतो. शास्त्रज्ञांनीही जंतूंच्या या व्यवहारास गणपूर्तीचेच नाव दिले आहे. पुढे बॉनी बॅसलर या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, काही जंतूंस दोन भाषा येतात. एक आपल्या जातीपुरती व दुसरी परजातीशी बोलण्यापुरती. आपल्याकडील माणूस घरी वऱ्हाडी बोलतो व बाजारात हिंदी बोलतो, त्यातलाच हा प्रकार. येथे एक सावधगिरी मात्र राखिली पाहिजे. जंतू 'बोलतात' असे आपण सोयीसाठी म्हणतो; त्यामागे विचार नाही, केवळ रसायनाची घडामोड आहे.

या संकेतांच्या साहाय्याने अनेक जाती गाव वसवितात. प्रथम काही भटके जंतू दगडास, दातास किंवा रोग्याच्या शरीरात घातलेल्या नळीस चिकटतात. मग त्यांची संख्या वाढते, चिकट द्रव्य स्रवू लागते, थरावर थर चढतात. त्या थरांतून पाण्याच्या बारीक वाटा राहतात आणि त्या वाटांनी अन्न आत जाते. गाव भरले म्हणजे काही जंतू सुटून नवी जागा शोधावयास निघतात. 'गाव करी ते राव न करी' ही आपली म्हण जंतूंच्या राज्यातही खरी ठरते.

सर्व जंतुपटले घातक नसतात. नदीतील पटले पाण्यातील घाण पचवून तिचे रूपांतर करितात. परंतु पटकीचा जंतू हीच युक्ती माणसाच्या नाशासाठी वापरतो. तो पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांच्या अंगावर थवे करून राहतो. बांगलादेशातील मतलब भागात संशोधकांनी खेड्यांतील स्त्रियांस जुनी साडी अनेक पदरी दुमडून तीतून पाणी गाळण्यास शिकविले. जंतू कापडातून सहज जाणारा, परंतु त्यास वाहून नेणारा प्राणी कापडास अडतो. तेथे पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने कमी झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. लुगड्याच्या पदराने पाणी गाळणाऱ्या आपल्या आज्यांची ही रीत अगदीच निरर्थक नव्हती. तथापि गाळलेले पाणी उकळलेल्या पाण्याची बरोबरी करीत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता औषधाचा विचार करू. जंतूंस मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ थोपविणाऱ्या औषधांस प्रतिजैविके म्हणतात. सुटा जंतू ज्या मात्रेने मरतो, तिच्या शेकडो पट मात्रा दिली तरी पटलातील तोच जंतू कित्येकदा जगतो. याची मुख्य कारणे तीन. पहिले कारण तटबंदीचे : चिकट द्रव्यामुळे काही औषधे आत सावकाश शिरतात. दुसरे कारण झोपेचे : आतल्या थरांत अन्न व प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे तेथील जंतू वाढ थांबवून निपचित पडून राहतात. अनेक प्रतिजैविके वाढत्या जंतूवरच घाव घालतात. निजलेल्यावर त्यांचे काही चालत नाही. डब्लिन येथील जोसेफ बिगर यांनी १९४४ साली हे ओळखिले. पेनिसिलिनने पू करणारे जवळजवळ सर्व जंतू मेले, पण थोडे उरले. आणि त्यांची संतती पेनिसिलिनने पूर्ववत मरे. म्हणजे उरलेले जंतू बलवान नव्हते, ते केवळ स्वस्थ पडून होते.

तिसरे कारण सर्वांत भयंकर. काही जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यात असा बदल घडतो की, औषध त्यांस बाधतच नाही. बाकीचे मरतात आणि त्यांच्या मोकळ्या जागी याचीच प्रजा वाढते. इतकेच नव्हे, तर हा गुण डीएनएच्या लहानशा कड्यांच्या रूपाने एक जंतू शेजाऱ्यास देऊ शकतो. दाट वस्तीत शेजार जवळचा, म्हणून अशा देवघेवीस तेथे सोय अधिक.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लाविला. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा मृत्युशय्येवर होत्या, तेव्हा त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने मागवावे लागले, इतके ते दुर्मिळ होते. गांधीजींनी अखेरच्या घटकेस त्यांच्या देहास सुयांचा त्रास नको म्हटले व ते देण्यात आले नाही. २२ फेब्रुवारीस त्यांचे देहावसान झाले. त्यांचेच नाव धारण करणारे रुग्णालय आज सेवाग्रामी आहे. जे औषध त्या काळी विमानाने आणावे लागे, त्या जातीची औषधे आज लहानशा गावातील दुकानातही मिळतात. दुर्मिळ वस्तू आपण जपतो आणि सुलभ वस्तू उधळतो. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना हाच इशारा दिला होता : अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधास सरावतात.

या इशाऱ्याचा अर्थ काय, हे आपल्या वर्धा जिल्ह्यास कुष्ठरोगाने शिकविले आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेस आरंभ केला. सेवाग्रामी गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे केंद्रही याच जिल्ह्यात आहे. त्या सुमारास डॅप्सोन हे औषध आले आणि मोठी आशा वाटू लागली. वर्षानुवर्षे एकच गोळी द्यावयाची, हा क्रम पडला. परंतु १९६४ साली मलायातील संशोधकांनी सिद्ध केले की, कुष्ठजंतू डॅप्सोनला दाद देईनासा झाला आहे. येथे जंतुपटलाचा संबंध नव्हता. तिसऱ्या कारणाचा हा प्रताप होता. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याचा मार्ग सांगितला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन ही औषधे मिळून ठरावीक मुदतीपर्यंत द्यावयाची. ही पद्धती भारतात ज्या जिल्ह्यांत प्रथम चालू झाली, त्यांत वर्धा होय. तर्क सोपा आहे. एका औषधास चुकविणारा जंतू सापडेल. तिन्हींस एकदम चुकविणारा सापडणे अत्यंत दुर्घट. मात्र यासाठी रोग्याने मुदत पुरी केली पाहिजे. क्षयाच्या उपचाराचेही मर्म हेच.

विद्यार्थिमित्रहो, पालकहो, यातून आपले कर्तव्य स्पष्ट होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविक घेऊ नये. सर्दीपडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत. तेव्हा तेथे त्यांचा आग्रह धरू नये. ताप उतरला म्हणून आपल्याच मनाने औषध थांबवू नये; जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवून शेजारच्या मुलास देऊ नयेत. रांजण नुसता विसळू नये, आतून घासावा. दातही नुसते खळखळून नव्हे, तर घासून स्वच्छ करावेत. घासण्याने जंतूंची वस्ती मोडते आणि वस्ती मोडली म्हणजे त्यांचे निम्मे बळ गेले.

बाकीच्या दुखण्यांत आपल्या चुकीचा भोग बहुधा आपणांसच असतो. येथे तसे नाही. एका घरी अर्धवट टाकलेल्या औषधाने सरावलेला जंतू उद्या दुसऱ्याच घरच्या तान्ह्या बाळास गाठील, आणि त्या वेळी डॉक्टरांच्या हाती औषध असून नसल्यासारखे होईल. जंतू गणपूर्ती झाल्यावाचून हालत नाहीत. त्यांच्याशी लढणाऱ्या आपणही सर्व घरांनी मिळून हा नियम पाळिला, तरच आपल्या पुढील पिढीस ही औषधे उपयोगी पडतील.