कानांना न बोचणारे लोकसंगीत कसे निवडावे?



मागच्या वर्षी एक हिंदी लेख मराठीत आणताना ‘मधुर संगीत’ हे शब्द मी सहज लिहून मोकळा झालो. त्याच रविवारी आमच्या इंदूरच्या सत्संगात एका ताईंचा आठ वर्षांचा मुलगा पहिल्याच भजनाला कान गच्च झाकून सतरंजीवर आडवा झाला आणि ओरडू लागला. मागून कोणी तरी म्हणाले, ‘लाड फार झालेत.’ ताई काही न बोलता त्याला घेऊन गेल्या आणि पुढचे तीन महिने आल्या नाहीत. त्याच्यापासून दोन हातांवर बसून झांज वाजवणारा मीच होतो.

तो मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्नतेत आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद असू शकते. २०१३ पासून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही हे लक्षण नोंदलेले आहे. म्हणजे हा लाडाचा किंवा संस्कारांचा प्रश्नच नाही. अर्धशिशी असलेल्या काकू, कानात यंत्र घालणारे आजोबा यांनाही असाच त्रास होऊ शकतो. मोठी माणसे फक्त निमूट सोसतात.

आपली पहिली चूक अशी होते की आपण ‘सौम्य’ म्हणजे ‘संथ’ असे धरतो. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या आवाजांना सर्वांत जास्त संवेदनशील असतो. टाळ-झांजेचा धातूचा खणखणाट तिथे आणि त्याच्याही वर पसरतो. त्यामुळे संथ भजनातही झांज बोचते. दुसरी गोष्ट आहे अचानकपणाची. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने मला अतिशय प्रिय आहेत. आमच्या शेजारच्या देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीते आत्मसात केली. पण त्यांचा स्वर हलक्या कुजबुजीतून एकदम झेप घेतो. माझ्यासाठी तीच समाधी, पण या मुलासाठी तो धक्का असू शकतो. म्हणून सुरुवात तिथून करू नये.

मग कशापासून करावी? माझे मत विचाराल तर जात्यावरच्या ओवीपासून. एक-दोन बायकांचा आवाज, तीच चाल पुन्हा पुन्हा, वाद्य कुठलेच नाही. पुढे काय येणार हे दोन ओव्यांतच कळते, आणि हे कळणे हाच मोठा आधार असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकायला मिळतात. मात्र मागे जात्याची घरघर असेल, तर ती आधी थोडी ऐकवून पाहावी. एखाद्याला ती आवडते, एखाद्याला मुळीच नाही.

पाळणागीते चांगलीच, पण सिंथेसायझरवर सजवलेली टाळावीत. बंगालची भाटियाली, म्हणजे नावाड्यांचे गाणे, लांब स्वरांचे आणि बहुधा ठेक्याशिवाय असते. ज्यांना ठेका टोचतो त्यांना ती मानवते. ज्यांना ठेक्याचाच आधार लागतो ते मात्र तिच्यात अस्वस्थ होतात. राजस्थानच्या मांगणियारांचा कमायचा खर्जात, भरदार बोलतो, पण सोबत लाकडी खडताल आला की गणित बिघडते. माळव्यातल्या कबीर भजनांतही तंबूरा आणि एकच गळा असलेले ध्वनिमुद्रण शोधावे. मंजिरे असलेले नंतर.

निवडलेले गाणे आधी स्वतः शेवटपर्यंत ऐका. मध्येच कोरस उसळतो का, टाळ्या पडतात का, शेवट दणक्यात होतो का, ते पाहा. फाइल आधीच उतरवून ठेवा. भजनाच्या मध्ये किंचाळणारी जाहिरात आली की सगळी मेहनत वाया. (वाणिज्य शाखेचा असल्याने सांगतो, जाहिराती मुद्दाम लक्ष वेधतील अशाच बनवतात!) आवाज बोलण्याच्या पातळीवरच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी सांगितली आहे. पण ती कान खराब होऊ नयेत म्हणून आहे. त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतो, तेव्हा मोबाइलवरचा आकडा दाखवून ‘एवढ्याने काय होतंय’ असे म्हणू नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे विचारावे. बोलता येत नसेल, तर खांदे, हात, चेहरा पाहावा. डुलणे किंवा गुणगुणणे बहुतेकदा आनंदाचे असते, कधी कधी आवाज झाकण्यासाठीही असते. घरच्यांना फरक कळतो. कानावर हात गेले की ते काढायला सांगू नये, गाणे बंद करावे. काही मुलांना तर उलट ढोलाचा घुमता ठोका छातीत जाणवलेला आवडतो.

शेवटी मीच ताईंना फोन केला. क्षमा मागितली आणि विचारले, ‘त्याला काय चालतं?’ त्या म्हणाल्या, ‘माझी आई म्हणायची ती ओवी.’ आता आमचा सत्संग त्याच ओवीने, ताईंच्याच आवाजात सुरू होतो. झांजा शेवटच्या भजनाला वाजतात, त्याही ‘आता झांज येणार’ असे सांगून. तो दाराजवळ बसतो. सांगितले की चपला घालतो आणि अंगणात जाऊन थांबतो.