मुद्दल आणि व्याज : सबाह अल-सालेमच्या एका घराचा हिशेब



कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या काळी तिकडच्या घरांतला दिवा करंजेलावर, उंडेलावर किंवा खोबरेलावर जळे. तेल घाण्यातून येई, आणि घाण्यात पडणारे बी दरवर्षी झाडावर नव्याने धरे. पुढे घासलेट आले. ते स्वस्त होते, उजेड जास्त देई, म्हणून घरोघर कंदील आणि स्टोव्ह झाले. रेशनच्या दुकानापुढे हातात डबा घेऊन आपल्यापैकी अनेकजण उभे राहिले असतील. पण हे नवे तेल कोठल्या झाडाचे, आणि ते पुन्हा कधी धरणार, असे त्या रांगेत कोणी विचारले नाही. आज तोच प्रश्न आपण घेऊ.

दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांना जीवाश्म इंधने म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पती व सूक्ष्म जीवांपासून ती बनली. त्यांच्या जागी वापरता येण्याजोगे ऊन, वारा, वाहते पाणी आणि शेतातून निघणारी इंधने ही पर्यायी होत. शाळेत आम्ही मुलांना हा फरक एका वाक्यात सांगत असू : जमिनीखालचे तेल हे मुद्दल, आणि रोजचे ऊन हे व्याज. शहाणा माणूस व्याजावर घर चालवतो, मुदलाला हात लावीत नाही.

उदाहरणासाठी आपण कुवेतमधील सबाह अल-सालेम ही वस्ती घेऊ. कुवेत शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, समुद्रापासून जवळच ही घरांची वस्ती आहे. तिच्याही दक्षिणेस बुरगान हे जगातील सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक. तेथे १९३८ साली तेल लागले आणि १९४६ साली कुवेतचे पहिले तेल जहाजाने बाहेर गेले. वस्तीला नाव आहे ते १९६५ ते १९७७ पर्यंत राज्य केलेल्या अमीर शेख सबाह अल-सालेम यांचे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७६ साली, कुवेतने भावी पिढ्यांसाठी एक निधी उभारला आणि राज्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी त्यात टाकावयाचा नियम केला. तेल संपणारे आहे, नातवंडांसाठी काही राखले पाहिजे, हा त्यामागचा विचार. तेल म्हणजे मुद्दल, हे त्या राज्याला तेव्हाच कळले होते.

आता त्याच नावाच्या वस्तीतील एका घराची वीज पाहू. नागरिकांच्या घरांसाठी विजेचा दर १९६६ साली युनिटला २ फिल्स ठरला आणि पुढे दशकानुदशके तोच राहिला. १,००० फिल्सचा एक दिनार होतो. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालतात. एका मोठ्या घराला दिवसाला १०० युनिट लागतात असे धरू, आणि ती सगळी वीज तेलापासून होते असेही धरू.

एक लिटर तेल जाळून वीजकेंद्रात ढोबळ मानाने सव्वातीन युनिट वीज मिळते. म्हणजे १०० युनिटांना ३० लिटर तेल हवे. एका पिंपात १५९ लिटर मावतात, तेव्हा हे घर पाच दिवसांत सुमारे एक पिंप संपवते. पाच दिवसांचे बिल किती? ५०० युनिट गुणिले २ फिल्स, म्हणजे एक दिनार. तेच पिंप ६० डॉलरला विकले असते तर? एक दिनार सव्वातीन डॉलरांच्या आसपास धरला, तर अठरा दिनारांहून अधिक मिळाले असते. एका हाताने निधीत दहावा हिस्सा टाकावयाचा आणि दुसऱ्या हाताने अठराचा माल एकाला द्यावयाचा, असा हा संसार आहे. प्रत्यक्षात तेथील बरीच वीज वायूवर होते, पण त्याने फारसा दिलासा मिळत नाही. घरचा वायू पुरत नाही म्हणून २००९ पासून तेलसंपन्न कुवेत द्रवरूप वायू बाहेरून विकत आणीत आला आहे.

हा झाला पैशाचा हिशेब. हवेचा हिशेब निराळा मांडावा लागतो, कारण तो बिलावर छापून येत नाही. तीस लिटर तेल जळले की सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो वातावरणात शेकडो वर्षे राहून पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. तेलात गंधक असेल तर त्याचा बोचरा वायू होतो आणि श्वासाला त्रास देतो. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. उकाडा वाढला की यंत्रे जास्त चालतात, यंत्रांसाठी जास्त तेल जळते, आणि जळलेले तेल पुन्हा उकाड्यात भर घालते. पिण्याचे बहुतेक सर्व पाणीही तेथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते, आणि त्यालाही इंधनच लागते.

तेलाचा धूर किती काळा असतो, ते जगाने १९९१ साली पाहिले. माघार घेणाऱ्या इराकी फौजांनी कुवेतच्या सहाशेंहून अधिक विहिरी पेटवून दिल्या. भर दुपारी आकाश अंधारले, वाळवंटात तेलाची तळी साचली. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली. त्याच लढाईत येथे आपण मुखवटे चढवून बंद खोलीत बसलो होतो. तेलापायी होणाऱ्या युद्धांची किंमत इंधनाच्या भावात कोणी धरीत नाही, परंतु ती द्यावी लागतेच.

मग कुवेतला पर्याय नाही काय? आहे, आणि तो डोक्यावर तळपतो आहे. शगाया येथील वाळवंटात ७० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले असून २०१९ साली त्याचे उद्घाटन झाले. त्यात १० मेगावॅट पवनचक्क्यांचे आणि १० सौर पॅनेलचे. उरलेले ५० मेगावॅट पन्हळीच्या आकाराच्या लांब आरशांनी ऊन एकवटून मिळतात. या आरशांची उष्णता वितळलेल्या क्षारात साठवून ठेवतात, म्हणून सूर्य मावळल्यावरही काही तास वीज मिळते.

पण प्रमाण पाहा. कुवेतची उन्हाळ्यातील कमाल मागणी १७,००० मेगावॅटच्या वर गेली आहे. त्यापुढे ७० म्हणजे हजारात चार! अल-दिब्दिबा हा याहून कितीतरी मोठा सौर प्रकल्प ठरला होता, तो जुलै २०२० मध्ये महामारीच्या काळात रद्द झाला. त्याच वर्षी तेलाचा भाव कोसळला, आणि तुटीच्या वर्षी निधीचा दहावा हिस्सा बाजूला न काढण्याचा कायदा करावा लागला. जून २०२४ मध्ये तर मागणी पुरवता येईना म्हणून कुवेतमध्ये ठरावीक भागांची वीज आळीपाळीने बंद ठेवावी लागली. तेलाच्या विहिरीशेजारी अंधार!

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक मोठे कारण ते २ फिल्स. ज्याला वीज जवळजवळ फुकट मिळते, तो छतावर सौर पॅनेल कशाला बसवील? २०१० नंतरच्या दशकात पॅनेलची किंमत जगभर सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. तरीही कितीही स्वस्त वस्तू फुकटाच्या पुढे महागच ठरते.

मात्र पर्यायी म्हणजे निर्दोष, असेही कोणी समजू नये. वाळवंटात पॅनेलवर धूळ बसते, ती धुवावयास पाणी लागते. कडक उन्हात पॅनेल तापले की त्याची वीज थोडी घटते. रात्रीसाठी साठवण हवी, तिचा खर्च वेगळा. शेतातल्या इंधनाची अडचण आणखी निराळी. महाराष्ट्रातील साखर कारखाने पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल करतात. त्याने परदेशी तेलाचा खर्च वाचतो, शेतकऱ्याला पैसा मिळतो. पण उसाला पाणी फार लागते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, ते पुढे सैल केले. जे शेत पोट भरते त्यानेच गाडीही चालवावयाची, तर पाऊस चुकल्यावर आधी कोणाला द्यावयाचे?

आता आपल्या छताकडे वळू. इस्राएलला तेलाच्या मोठ्या विहिरी लाभल्या नाहीत. १९७३ च्या तेलटंचाईचा चटका बसला आणि १९८० पासून नव्या निवासी इमारतींवर उन्हाने पाणी तापविण्याची सोय कायद्याने बंधनकारक झाली. तो दूद शेमेश आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की त्याचे कौतुकही वाटत नाही. ज्याच्याजवळ मुद्दल नव्हते तो व्याजावर जगावयास शिकला, आणि ज्याच्याजवळ अमाप होते त्याला शिकणे जड गेले. यात आपला मोठेपणा नाही, ती गरज होती. आणि वातानुकूलन यंत्र लावून खिडकी उघडी टाकणारे आपल्यातही काही कमी नाहीत.

तेव्हा वाचकहो, या खेपेचा गृहपाठ असा. घरातील विजेचे मागील बिल काढावे. युनिटांचा आकडा नातवंडांना वाचावयास सांगावा आणि त्याला सव्वातीनने भागावयास लावावे. ती वीज तेलावर केली असती तर किती लिटर जळले असते, ते कळेल. मग विचारावे, यातले किती युनिट आपण वाचवू शकलो असतो, आणि किती छतावरच्या उन्हाने दिले असते? उत्तर चुकले तरी चालेल. आजोबांनी मुदलाचा हिशेब कधी मांडलाच नाही, असे मात्र त्यांना म्हणावे लागू नये.