दारे धरणारे यंत्र

नेवासा हे प्रवरेच्या काठचे प्राचीन गाव. ज्ञानेश्वरांनी १२९० साली येथेच ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली. पुढे राहुरी तालुक्यात, बारागाव नांदूर येथे, मुळा नदीवर धरण झाले. सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या त्या जलाशयास ‘ज्ञानेश्वरसागर’ हे नाव मिळाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासा तालुक्यात आले आणि काळ्या रानात ऊस डोलू लागला.

कालव्याचे पाणी शेजपाळीने मिळते. एकाचे रान भिजले, की शेजाऱ्याची पाळी येते. पाळी रात्री आली, तर रात्रीच शेतात जावे लागते. खांद्यावर फावडे व हाती विजेरी घेऊन शेतकरी एका वाफ्याचे दार मोडतो आणि भरलेल्या वाफ्याचे दार बांधतो. यालाच ‘दारे धरणे’ म्हणतात. अंधारात साप-विंचवाचे भय असते. आणि क्षणभर डोळा लागला, तर पाणी वाफ्याबाहेर वाहू लागते.

पाणी थोडे अधिक झाले तर काय बिघडले, असे तुम्हांस वाटेल. पण मुलांनो, मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीस शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. तीत सतत जास्त पाणी दिले, तर जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते व विरघळलेले क्षारही वर येतात. पाण्याची वाफ होऊन जाते; क्षार मात्र मागे राहतात. अशा रीतीने चांगली जमीन खारावून नापीक होते. म्हणून पाणी वेळेवर देण्याइतकेच ते वेळेवर थांबविणे महत्त्वाचे आहे.

विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी साठवून ते ठिबक नळ्यांनी दिले, तर दारे धरण्याचे हे काम यंत्रावर सोपविता येते. या यंत्राचे तीन भाग असतात: संवेदक, नियंत्रक आणि झडप.

संवेदक मुळांच्या खोलीवर पुरतात. एका प्रकारात पाण्याने भरलेल्या नळीच्या टोकास सच्छिद्र मातीची कुपी असते. भोवतालची माती सुकू लागली, की ती कुपीतील पाणी ओढते आणि नळीतील ताण वाढतो. त्या तणावावरून ओल कळते. काळी माती सुकली की भेगाळते. संवेदकाभोवती भेग पडली, तर मातीचा स्पर्श सुटतो व ओलीची खोटी वार्ता मिळते. म्हणून तो पुरताना माती नीट दाबून बसवावी लागते.

ही वार्ता तारेने नियंत्रकाच्या पेटीकडे जाते. ओल किती घटली म्हणजे पाणी सोडावे आणि किती वाढली म्हणजे थांबवावे, या दोन मर्यादा शेतकऱ्याने पेटीस ठरवून दिलेल्या असतात. त्यांनुसार पेटी झडपेकडे वीज पाठविते. झडपेत तारेचे वेटोळे असते. वीज खेळताच ते लोहचुंबक बनून लहानशी खिट्टी उचलते व एक बारीक छिद्र उघडते. त्यामुळे रबरी पडद्यावरील दाब कमी होतो आणि खालचे पाणीच पडदा वर उचलते. पाण्याचे दार पाण्याच्याच बळाने उघडते. म्हणून सामान्यतः २४ व्होल्टची सौम्य वीज या कामास पुरते.

तारांची जोडणी साधी, पण काटेकोर असते. प्रत्येक झडपेस एक स्वतंत्र तार आणि सर्वांना मिळून परतीची एक सामाईक तार. म्हणजे चार झडपांना पाच तारा. सांध्यात ओल शिरली तर तांबे गंजते, म्हणून सांधे जलरोधक करतात. संवेदकाचा संदेश क्षीण असतो. पंपाच्या जाड तारेजवळून नेल्यास त्यात गोंधळ होतो, म्हणून त्याची वाट निराळी ठेवतात. हे सर्व काम जाणत्या माणसाने वीजपुरवठा बंद करूनच करावयाचे असते.

यंत्र रात्रभर जागते; परंतु वाफसा म्हणजे काय, हे त्यास शेतकऱ्यानेच शिकवावे लागते. मूठभर माती दाबून तिची ओल ओळखणारा हात आजही हवाच. तो हात आणि ते यंत्र एकविचाराने चालले, म्हणजे शेतकऱ्यास झोप मिळते, जमीन खारावत नाही आणि वाचलेले पाणी दुसऱ्या पिकाच्या कामी येते.

अभ्यास

१. ‘दारे धरणे’ म्हणजे काय? ते कष्टाचे का असते?
२. जास्त पाण्याने काळी जमीन कशी बिघडते?
३. सहा झडपांना किती तारा लागतील? कारण सांगा.
४. ‘पाण्याचे दार पाण्याच्याच बळाने उघडते’, हे विधान स्पष्ट करा.
५. वाफसा, शेजपाळी, निचरा हे शब्द वाक्यांत योजा.